कार्यरत स्मृतीतील 'दृश्य-अवकाशीय रेखाटनवही' : एका संकल्पनेची चिकित्सा

सारांश

कार्यरत स्मृतीच्या बहुघटक प्रतिमानातील 'दृश्य-अवकाशीय रेखाटनवही' ही संकल्पना गेली पाच दशके बोधनिक मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्थिरावलेली आहे. प्रस्तुत निबंधात या संकल्पनेचा उगम, तिच्या पुष्टीसाठी दिले गेलेले प्रायोगिक पुरावे आणि तिच्यावर घेतले गेलेले आक्षेप यांची चिकित्सा केली आहे. ही संकल्पना प्रायोगिक कसोट्यांवर उतरली असली तरी 'वही' हे रूपक मात्र पुराव्याच्या पुढे गेले आहे, आणि त्याचे परिणाम वर्गाध्यापनावर व 'स्मरणशक्तिवर्धना'च्या दाव्यांवर होत आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे. वडोदरा येथील मानसिक अबॅकसविषयक अभ्यासाचा विचार या संदर्भात विशेषत्वाने केला आहे.

प्रस्तावना

घराच्या दाराला किती कड्या आहेत, असे एखाद्यास अचानक विचारले असता तो क्षणभर थांबतो, त्याची नजर समोरच्या माणसावरून हटते आणि मग तो उत्तर देतो. त्या क्षणभरात नेमके काय घडते? सर्वसामान्य माणूस म्हणतो, 'दार डोळ्यांसमोर आणले आणि कड्या मोजल्या.' मानसशास्त्राला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. डोळ्यांसमोर आणले म्हणजे कोठे आणले? जे आणले ते चित्र होते, की चित्रासारखे वाटणारे ज्ञान? ते किती काळ टिकते, त्यात किती मावते आणि ते पुसले कशाने जाते?

या प्रश्नांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळालेले सर्वात प्रभावी उत्तर म्हणजे अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली मांडलेले कार्यरत स्मृतीचे प्रतिमान होय. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र व व्यवस्थापन या तिन्ही विद्याशाखांतील अध्यापक हे प्रतिमान शिकवतात. ते शिकवताना फळ्यावर तीन चौकोन काढले जातात, त्यांतील एकात 'रेखाटनवही' असे लिहिले जाते आणि विषय पुढे सरकतो. त्या एका चौकोनात दडलेले वाद सहसा फळ्यावर येत नाहीत. त्या वादांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

संकल्पनेचा उगम

'कार्यरत स्मृती' हा शब्दप्रयोग जॉर्ज मिलर, यूजीन गॅलंटर व कार्ल प्रिब्रम यांच्या १९६० सालच्या ग्रंथात आढळतो. १९६८ मध्ये अॅटकिन्सन व शिफ्रिन यांनी मांडलेल्या प्रतिमानात अल्पकालीन स्मृती हे एकच कोठार मानले होते. बाहेरून आलेली माहिती या कोठारातून दीर्घकालीन स्मृतीकडे जाते, असे त्याचे स्वरूप होते. बॅडली व हिच यांनी या एकसंध कोठाराची फोड केली. अवधानाचे नियमन करणारा केंद्रीय कार्यकारी घटक, उच्चारित माहिती फिरती ठेवणारे ध्वनी-वलय आणि दृश्य-अवकाशीय माहिती धरून ठेवणारी रेखाटनवही असे तीन घटक त्यांनी कल्पिले. २००० साली बॅडली यांनी त्यात 'प्रासंगिक साठा' या चौथ्या घटकाची भर घातली.

या तिघांपैकी ध्वनी-वलयाला आरंभापासून भक्कम पुरावा लाभला. रेखाटनवहीची स्थिती तशी नव्हती. तिचा पाया प्रामुख्याने ली ब्रुक्स यांच्या प्रयोगांवर रचला गेला. १९६८ सालच्या प्रयोगात ब्रुक्स यांनी प्रयुक्तांना इंग्रजी 'एफ' हे ठसठशीत अक्षर मनासमोर आणून त्याच्या कडेने फिरण्यास सांगितले. प्रत्येक कोपरा अगदी वरचा वा अगदी खालचा आहे की नाही, याचे उत्तर 'होय' वा 'नाही' असे द्यावयाचे होते. उत्तर तोंडी दिल्यास सुमारे ११ सेकंद लागत; तेच उत्तर कागदावरील खुणांकडे बोट दाखवून दिल्यास सुमारे २८ सेकंद लागत. अक्षराऐवजी वाक्य मनात धरून त्यातील शब्दांचे वर्गीकरण करावयास सांगितले, तेव्हा स्थिती उलट झाली आणि तोंडी उत्तरच मंदावले. एकाच प्रकारची दोन कामे एकमेकांच्या वाटेत येतात आणि भिन्न प्रकारची कामे समांतर चालू शकतात, हा यातून निघालेला निष्कर्ष पुढील सर्व संशोधनाचा आधार ठरला.

स्वतः बॅडली यांना याचा प्रत्यय अमेरिकेत मोटार चालवताना आला होता. नभोवाणीवर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचे वर्णन ऐकताना मैदान मनासमोर उभे राहू लागले आणि मोटार आपली रांग सोडू लागली, असे त्यांनी नोंदवले आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हाच अनुभव प्रयोगशाळेत आणला. फिरत्या लक्ष्याचा पाठलाग करीत असताना प्रयुक्तांची अवकाशीय स्मृती ढासळली, शाब्दिक स्मृती मात्र फारशी बाधित झाली नाही.

दृश्य आणि अवकाशीय : एक घटक की दोन?

'दृश्य-अवकाशीय' या जोडशब्दातील संयोगचिन्ह हेच वादाचे पहिले स्थळ आहे. पाठलागाच्या प्रयोगात बाधा आणणारी गोष्ट डोळ्यांची होती की दिशेची? या प्रश्नाची उकल बॅडली व लिबरमन यांच्या १९८० सालच्या प्रयोगाने मोठ्या चातुर्याने केली. प्रयुक्तांचे डोळे बांधले होते आणि आवाज करणाऱ्या झुलत्या लंबकावर त्यांनी हातातील विजेरीचा झोत रोखून धरावयाचा होता. या कामात दृश्य असे काहीच नव्हते, केवळ अवकाश होता. तरीही अवकाशीय स्मृती बाधित झाली. याउलट प्रकाशाची तीव्रता ओळखण्याच्या निव्वळ दृश्य कामाने तिला तुलनेने कमी बाधा पोहोचली. 'दृश्य' म्हणून ओळखली जाणारी यंत्रणा प्रत्यक्षात अवकाशीय असल्याचे येथे दिसून आले.

तथापि हा निष्कर्षही अपुरा होता. रॉबर्ट लोगी यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की प्रतिमांच्या साहाय्याने शब्द लक्षात ठेवत असताना डोळ्यांसमोर केवळ असंबद्ध चित्रे वा रंगाचे तुकडे येत राहिले तरी स्मरण घटते. १९९५ च्या ग्रंथात त्यांनी रेखाटनवहीचीच दोन अंगे केली : रंग व आकार धरून ठेवणारे निष्क्रिय 'दृश्य कोठार' आणि स्थान, क्रम व हालचाल यांची उजळणी करणारा सक्रिय 'अंतर्गत लेखनिक'. १९९९ मध्ये डेला साला व सहकाऱ्यांनी या विभागणीला थेट पुष्टी दिली. चौकटींचा नमुना लक्षात ठेवण्याच्या कसोटीवर असंबद्ध चित्रे पाहण्याचा अधिक परिणाम झाला. ठोकळ्यांचा क्रम लक्षात ठेवण्याच्या कॉर्सी कसोटीवर मात्र हाताने करावयाच्या अवकाशीय कामाचा परिणाम अधिक झाला. कॉर्सी कसोटी ही १९७२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिलिप कॉर्सी यांनी प्रबंधासाठी वापरलेली नऊ ठोकळ्यांची कसोटी असून तीत सर्वसाधारण प्रौढ व्यक्ती ५ ते ६ ठोकळ्यांचा क्रम सांगू शकते.

मेंदूच्या इजेचे रुग्णही याच दिशेने साक्ष देतात. फॅरा व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये वर्णिलेला 'एल. एच.' हा रुग्ण प्राण्यांच्या आकाराविषयीच्या वा वस्तूंच्या रंगाविषयीच्या प्रश्नांवर अडखळत असे. परंतु मनातल्या मनात आकृती फिरवणे वा अक्षराचे कोपरे मोजणे त्याला सहज जमत असे. अंगरलायडर व मिश्किन यांनी १९८२ मध्ये दृष्टीच्या संदर्भात 'काय' आणि 'कोठे' असे जे दोन मार्ग सांगितले होते, त्यांच्याशी हा पुरावा सुसंगत आहे.

येथे एक आक्षेप नोंदवणे आवश्यक ठरते. नमुन्याच्या कसोटीत सर्व चौकटी एकाच वेळी दाखवल्या जातात, तर ठोकळ्यांच्या कसोटीत एकामागून एक. त्यामुळे आढळणारा भेद दृश्य व अवकाशीय यांतील आहे, की एकसमयी व क्रमिक सादरीकरणातील, हे या दोन कसोट्यांवरून निर्विवादपणे ठरवता येत नाही. लोगी यांच्या मांडणीत क्रम लेखनिकाकडेच सोपवलेला असल्याने हा आक्षेप तिला मोडीत काढत नाही. परंतु 'स्थान' आणि 'क्रम' हे दोन भिन्न प्रश्न तेथे एकाच नावाखाली झाकले जातात, हे मान्य करावे लागते.

क्षमतेचा प्रश्न : कप्पे की वाटून द्यावयाचा साठा?

वहीच्या पानावर किती मावते? स्टीव्हन लक व एडवर्ड व्होगेल यांनी १९९७ मध्ये याचे सुटसुटीत उत्तर दिले. रंगीत चौकोन क्षणमात्र दाखवून, अल्प विरामानंतर पुन्हा दाखवले असता त्यांतील बदल ओळखण्याची क्षमता ३ ते ४ वस्तूंपर्यंतच टिकते. विशेष म्हणजे एकाच वस्तूचे रंग, दिशा, आकारमान असे चार गुणधर्म धरावयाचे असले तरी ही मर्यादा बदलली नाही. यावरून स्मृतीचे एकक गुणधर्म नसून वस्तू आहे, असे त्यांनी म्हटले. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये विविध क्षेत्रांतील पुरावे एकत्र करून सुमारे चार ही मर्यादा सर्वसाधारण असल्याचे प्रतिपादले. मिलर यांच्या १९५६ सालच्या 'सात अधिक-उणे दोन' या सुप्रसिद्ध संख्येची जागा या 'चार'ने घेतली.

पण हा सुटसुटीतपणा फार काळ टिकला नाही. अल्व्हारेझ व कॅव्हाना यांनी २००४ मध्ये दाखवले की साध्या रंगांसाठी चाराहून किंचित अधिक असलेली क्षमता छायांकित घनांसारख्या गुंतागुंतीच्या आकृतींसाठी दोनाच्याही खाली येते. पुढे २००८ साली दोन परस्परविरोधी मांडण्या समोर आल्या. झांग व लक यांच्या मते स्मृतीत ठरावीक संख्येचे कप्पे असतात; कप्पे संपले की उरलेली वस्तू मुळीच नोंदली जात नाही. बेज व हुसेन यांच्या मते स्मृती हा वाटून द्यावयाचा साठा आहे. वस्तू वाढल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कमी येते आणि तिची अचूकता घटते. पहिल्या मतानुसार पाचव्या वस्तूविषयी स्मृती रिक्त असते. दुसऱ्यानुसार ती धूसर असते. रेखाटनवहीच्या मूळ रूपकात या दोहोंपैकी काहीच अभिप्रेत नव्हते, ही बाब लक्षणीय आहे. रूपकाने 'कोठे' सांगितले. 'किती' आणि 'किती अचूक' हे प्रश्न त्याने उपस्थितच केले नाहीत.

या वादात व्होगेल व सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या निष्कर्षाकडे अध्यापकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. काही वस्तू लक्षात ठेवावयाच्या व काही दुर्लक्षावयाच्या असताना कमी क्षमतेच्या व्यक्तींच्या मेंदूतील विद्युत-नोंदींत अनावश्यक वस्तूंचाही साठा झालेला आढळला. म्हणजेच त्यांची जागा निरुपयोगी गोष्टींनी भरली जात होती. क्षमता हा जागेपेक्षा दारावरील पहाऱ्याचा प्रश्न असू शकतो, असे यातून सूचित होते. असे असेल तर रेखाटनवही आणि केंद्रीय कार्यकारी यांमधील सीमारेषा आकृतीत दिसते तितकी ठळक राहत नाही.

चित्राविना अवकाश : रूपकाची मर्यादा

'वही' म्हटले की चित्र आले आणि चित्र म्हटले की पाहणारा आला. झेनॉन पिलिशिन यांनी १९७३ पासून याच मुद्द्यावर प्रतिमावादाची झाडाझडती घेतली. मनात चित्र असेल तर ते पाहणारा दुसरा डोळा कोठून आणावयाचा, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. याउलट शेपर्ड व मेट्झलर यांच्या १९७१ सालच्या प्रयोगात आकृती मनात फिरवण्यास लागणारा वेळ फिरवण्याच्या अंशांच्या प्रमाणात वाढत गेला होता. तेव्हा मनातील निरूपणात अवकाशाचे काही गुण आहेत, हेही नाकारता येत नव्हते.

बिझियाक व लुझाती यांचा १९७८ सालचा अभ्यास या संदर्भात मननीय आहे. मेंदूच्या उजव्या गोलार्धास इजा झालेल्या मिलानमधील दोन रुग्णांना शहरातील प्रसिद्ध कॅथेड्रलचा चौक मनासमोर आणण्यास सांगितले. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे असल्याची कल्पना केली असता त्यांनी डावीकडील इमारती वगळल्या. कॅथेड्रलकडे पाठ करून उभे असल्याची कल्पना करण्यास सांगताच त्यांनी नेमक्या त्याच इमारती सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या वगळल्या. चौकाचे ज्ञान संपूर्ण शाबूत होते. हरवली होती ती पाहणाऱ्याच्या स्थानावरून ठरणारी एक बाजू. मनातील अवकाशाला पाहणाऱ्याची दिशा असते, याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

परंतु दिशा असणे म्हणजे चित्र असणे नव्हे. जन्मांध व्यक्तींवरील संशोधनातून हे ठळक होते. नॅन्सी केर यांनी १९८३ मध्ये दाखवले की जन्मांध व्यक्तींनाही प्रतिमांवर आधारित कामे करता येतात आणि मनातील अंतर वाढले की त्यांनाही वेळ अधिक लागतो. कॉर्नोल्दी, वेक्की आदी इटालियन संशोधकांच्या अभ्यासांतून असे दिसले की स्पर्शाने जाणलेल्या जागा केवळ धरून ठेवण्याच्या निष्क्रिय कामात जन्मांध व्यक्ती फारशा मागे पडत नाहीत. धरलेल्या माहितीवर मनात प्रक्रिया करावयाची असते तेव्हा त्यांना अधिक अडचण येते. डोळ्यांनी कधीही न पाहिलेल्या मनातही अवकाश वसतो, हे सत्य 'रेखाटन' या शब्दात मावत नाही.

दुसऱ्या टोकाला, दृष्टी असूनही मनासमोर चित्र आणू न शकणाऱ्या व्यक्ती आहेत. या स्थितीला अॅडम झेमन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'अफँटेशिया' हे नाव दिले. कीओ, विकेन व पिअरसन यांच्या २०२१ सालच्या अभ्यासात अशा व्यक्तींची दृश्य कार्यरत स्मृतीच्या कसोट्यांवरील अचूकता इतरांइतकीच आढळली. फरक होता तो वापरलेल्या युक्तीत. कसोटीत मिळालेले गुण सारखे, पण मनाने घेतलेली वाट वेगळी! रेखाटनवही मोजणाऱ्या म्हणून मानल्या गेलेल्या कसोट्या प्रत्यक्षात काय मोजतात, हा प्रश्न यामुळे पुन्हा नव्याने उभा राहतो.

मेंदूविषयक संशोधनानेही हा प्रश्न मिटवलेला नाही. हॅरिसन व टाँग यांनी २००९ मध्ये दाखवले की रेषांची दिशा स्मृतीत धरलेली असताना ती दृष्टीच्या प्राथमिक क्षेत्रांतील क्रियेवरूनही ओळखता येते. याचा अर्थ स्वतंत्र 'वही' नसून पाहण्याचीच यंत्रणा स्मृतीचे कामही करते, असा लावला गेला. परंतु बेटनकोर्ट व शू यांनी २०१६ मध्ये दाखवले की विराम-काळात समोर लक्ष विचलित करणारी दृश्ये येणार असल्यास हा ठसा दृष्टिक्षेत्रांत आढळेनासा होतो, पार्श्विक क्षेत्रात मात्र टिकतो. साठवणीची जागा परिस्थितीनुरूप बदलत असेल, तर तिला एका वहीचे रूप देणे कितपत युक्त ठरेल?

मानसिक अबॅकस : एक कसोटी

सैद्धांतिक वाटणारी ही चर्चा महाराष्ट्रातील अनेक घरांपर्यंत पोहोचते ती अबॅकसच्या शिकवण्यांमुळे. आधी मणी सरकवून आणि नंतर केवळ मनात मणी कल्पून आकडेमोड करणारी मुले ही आता शहरांत व तालुक्याच्या गावांतही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. या शिकवण्यांच्या जाहिरातींत गणितापेक्षा स्मरणशक्ती, एकाग्रता व बुद्धिमत्ता यांच्या वाढीचे आश्वासन अधिक ठळक असते.

मायकेल फ्रँक व डेव्हिड बार्नर यांनी गुजरातमधील अशा मुलांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जपानी पद्धतीच्या अबॅकसमध्ये प्रत्येक उभ्या दांडीवर ५ मूल्याचा एक आणि १ मूल्याचे चार मणी असतात. मुलांची क्षमता साधारण ३ ते ४ दांड्यांपर्यंत पोहोचून थांबत असल्याचे आढळले. लक व व्होगेल यांनी रंगीत चौकोनांत पाहिलेली मर्यादाच येथे मण्यांच्या दांड्यांत दिसून आली. प्रत्येक दांडी ही जणू एक वस्तू म्हणून धरली जाते, असा याचा अर्थ होतो. या विद्येने दृश्य स्मृतीची मर्यादा ओलांडलेली नाही. त्या मर्यादेत नेमके बसेल असे संख्येचे रूप तिने शोधले आहे. यात तिचे खरे कौशल्य आहे.

बार्नर व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक निर्णायक आहे. वडोदरा येथील शाळेतील २०४ मुलांची यादृच्छिक विभागणी करून तीन वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. एका गटास मानसिक अबॅकस, तर दुसऱ्यास तितकाच वेळ नेहमीच्या गणिताचे जादा अध्यापन देण्यात आले. अबॅकस शिकलेल्या मुलांची अंकगणितातील प्रगती अधिक झाली. परंतु कार्यरत स्मृतीसारख्या मूलभूत बोधनिक क्षमतांत बदल झाल्याचे आढळले नाही. शिवाय ज्या मुलांची अवकाशीय कार्यरत स्मृती आरंभीच चांगली होती, त्यांनाच या पद्धतीचा अधिक लाभ झाला. जाहिरातीत जे फलित म्हणून सांगितले जाते, ते वस्तुतः पूर्वअट आहे, असे यावरून म्हणता येते. मेल्बी-लर्व्हॉग व ह्यूम यांनी २०१३ मध्ये संगणकीय स्मृति-प्रशिक्षणाच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून काढलेला निष्कर्षही असाच आहे : सरावलेल्या कामासारख्या कामात सुधारणा होते, दूरच्या क्षमतांकडे ती संक्रमित होत नाही.

ज्या पालकाने पोटाला चिमटा घेऊन शुल्क भरले आहे, त्याच्या दृष्टीने हा भेद शाब्दिक नाही. अबॅकस निरुपयोगी आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. अंकगणितासाठी तो उपयुक्त आहे. मात्र 'वही मोठी होते' हे विधान पुराव्याला धरून नाही.

अध्यापनासाठी अन्वयार्थ

रेखाटनवहीच्या संकल्पनेतून शिक्षणक्षेत्रात दोन प्रकारची निष्पत्ती झाली. एक सयुक्तिक, दुसरी भ्रामक. भ्रामक निष्पत्ती म्हणजे विद्यार्थ्यांची 'दृश्य' व 'श्राव्य' अशी विभागणी. पॅशलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात अशा विभागणीनुसार अध्यापन केल्याने अध्ययन सुधारते, या मताला पुरेसा पुरावा आढळला नाही. मूळ प्रतिमानात प्रत्येक व्यक्तीकडे दोन्ही घटक असतात. व्यक्तींची दोन जातींत वाटणी त्यात नाही.

सयुक्तिक निष्पत्ती ब्रुक्स यांच्या प्रयोगातून सरळ निघते. आकृती समजून घेत असलेल्या विद्यार्थ्यास त्याच वेळी आकृतीलगतचा मजकूर वाचावयास लावल्यास दोन्ही कामे एकाच नजरेवर पडतात. चँडलर व स्वेलर यांनी १९९२ मध्ये याच दुभंगलेल्या अवधानाचा दुष्परिणाम दाखवून दिला. आकृतीचे विवरण तोंडी करणे, नावे आकृतीच्या भागांवरच लिहिणे, अनावश्यक सजावट गाळणे हे त्यावरील साधे उपाय होत. खडूने टप्प्याटप्प्याने काढलेली आकृती आणि पडद्यावर एकदम अवतरून तितक्याच झपाट्याने नाहीशी होणारी आकृती यांत पहिली चार वस्तूंची मर्यादा आपोआप पाळते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. जुन्या फळ्याचे हे बलस्थान नव्या साधनांतही जपता येण्याजोगे आहे.

निष्कर्ष

रेखाटनवहीच्या संकल्पनेने शाब्दिक स्मृतीपासून दृश्य-अवकाशीय स्मृती वेगळी काढली, दुहेरी कार्याची प्रायोगिक पद्धती रूढ केली आणि पाच दशके संशोधनास दिशा दिली. हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्या वहीत दृश्य व अवकाशीय अशी किमान दोन अंगे आहेत, तिची क्षमता अवधानापासून तोडून मोजता येत नाही, आणि चित्र नसतानाही तिचे कार्य चालू शकते, हे उत्तरकालीन पुराव्यांनी दाखवले आहे. म्हणून हा घटक कागदाच्या वहीसारखी वस्तू न मानता, मर्यादित अवधानाच्या बळावर घडणारी क्रिया मानणे अधिक युक्त ठरते.

वर्गात हे प्रतिमान शिकवताना फळ्यावरील तिसऱ्या चौकोनाभोवतीची रेषा तुटक काढली, तरी विद्यार्थ्याच्या मनात योग्य प्रश्न उभा राहील. संकल्पना शिकवणे आणि तिचे रूपक शिकवणे यांतील अंतर त्या तुटक रेषेइतकेच आहे. परंतु ते न राखल्यास वर्गात आणि बाजारात काय घडते, हे वर पाहिलेच आहे.